नव्वद दिवसांचे नियमकाका

दुपारी एक ते तीन या वेळात नियमकाकांच्या घरी कुकरची शिट्टी वाजलेली मी कधी ऐकली नाही. जर्मनीत, एर्लांगेनमधल्या त्यांच्या इमारतीत ती वेळ शांततेची आहे असं जिन्याखालच्या कागदावर छापलेलं होतं, आणि तो कागद शेवटपर्यंत वाचलेला त्या इमारतीतला माणूस म्हणजे बहुधा हे एकटेच. वरच्या मजल्यावरचा जर्मन नेमका त्याच वेळात भिंतीला भोकं पाडायचा. काका छताकडे बघून म्हणायचे, "त्याचं त्याच्यापाशी. आपली डाळ पावणेएकला झालीच पाहिजे." काकूंना उशीर झाला तर डाळ पातेल्यात शिजायची आणि जेवायला तीन वाजायचे.

मी तेव्हा इथल्या विद्यापीठात पीएचडी करत होते आणि रविवारी हक्काने त्यांच्याकडे जेवायला जायचे. काका मूळचे पुण्याचे. वीस वर्षं इंग्लंडात लेस्टरला काढून, तिथले नागरिक होऊन, मग वैद्यकीय यंत्रांच्या नोकरीसाठी इथे आलेले. इंग्लंड तेव्हा युरोपियन युनियनमध्ये होतं, त्यामुळे त्यांना व्हिसा नको की परवाना नको. मी मात्र दर वर्षी परदेशी लोकांच्या ऑफिसात फाइल घेऊन उभी. काका सोबत यायचे आणि माझे कागद तारखेप्रमाणे लावून द्यायचे. जर्मन नागरिक का होत नाही असं एकदा विचारलं, तर म्हणाले, "एकदा पासपोर्ट बदलला तेव्हा आई दोन दिवस जेवली नव्हती. पुन्हा नाही."

रांग मोडणाऱ्या माणसाचा त्यांना मनापासून संताप यायचा. त्यामागे एक जुनं दुखणं होतं. त्यांची एकुलती मुलगी मीनल, तिचं लग्न लेस्टरला झालं, तोमेक नावाच्या पोलिश मुलाशी. त्या लग्नाला काकांच्या सख्ख्या बहिणीला व्हिसा नाकारला, तोही दोनदा. ती बिचारी पुण्यात बसून फोनवर मंगलाष्टकं ऐकत होती, आणि नवऱ्याकडची मंडळी नुसती ओळखपत्रं दाखवून पोलंडहून बस भरून आली. काकांनी त्यांची उठबस चोख केली. पण विसरले नाहीत.

म्हणून युनियनमध्ये राहायचं की बाहेर पडायचं यावर इंग्लंडात मतदान आलं, तेव्हा काकांनी एर्लांगेनहून पोस्टाने मत पाठवलं ते बाहेर पडण्याच्या बाजूने. आणि निकालानंतरच्या रविवारी जेवताना सांगूनही टाकलं. "रांग सगळ्यांना एकच हवी. गेनाऊ, अगदी एकच."

मी हातातला घास ताटात ठेवला. "काका, तुम्ही स्वतः इथे कुठल्या रांगेतून आलात?"

"मलाही लावा रांग. मी कुठे नाही म्हणतोय?"

काकू वाढता वाढता थांबल्या. "अहो, मत देताना लेकीच्या घरात कोण राहतं तेवढं तरी आठवायचं."

इथल्या मराठी मंडळातही दोन तट पडले. कोणाचा भाऊ लंडनला, कोणाची नणंद मँचेस्टरला. एरवी गणपतीच्या वर्गणीवरून भांडणारी माणसं इंग्लंडवरून भांडली. मीही काकांकडे तीन महिने गेले नाही. पण खरी फूट लेस्टरला पडली. निकालाच्याच आठवड्यात बसथांब्यावर तोमेक आईशी फोनवर पोलिशमध्ये बोलत होता, तर कोणीतरी "आता चालते व्हा" म्हणून त्याच्या बुटांवर थुंकलं. मीनलने काकांना फोन केला. "बाबा, तो माणूस आणि तुम्ही एकाच बाजूचे," एवढं बोलून ठेवला. त्यानंतर ती वडिलांशी चार वर्षं बोलली नाही.

त्यातल्या दुसऱ्या वर्षी काकू गेल्या. इथे अस्थी घरी देत नाहीत, कलश दफनभूमीतच ठेवावा लागतो. ओळखीतल्या दोघांनी नियमातून निसटायच्या युक्त्या सुचवल्या. काकांनी हात जोडले आणि गावाच्या दफनभूमीत हातभर जागा घेतली. मीनल आणि तोमेक आले होते. मीनल माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडली आणि काका तिच्यापासून चार पावलांवर उभे राहिले. तेव्हापासून दर शनिवारी सायकलला पाण्याचा झारा अडकवून ते तिथे जायचे. काकूंच्या आवडीची शेवंती लावली होती. लावायच्या आधी तिची उंची नियमात बसते का ते विचारून आले होते.

मग कोरोना आला आणि त्या वर्षीच्या शरदात मीनलचा फोन आला. तोमेक हॉस्पिटलात होता, घरात तीन वर्षांची मुलगी. "बाबा, येता का?" काका तोवर निवृत्त झाले होते. त्यांनी आठवड्यात सामान बांधलं आणि घरमालकाला किल्ल्याही देऊन टाकल्या. "लोक इथे घरासाठी वणवण करतायत, रिकामं घर अडवून ठेवायचं नाही." मग ते सरकारी नोंदणीतून नाव काढायला निघाले. आपण आता या गावात राहत नाही असं लिहून देणं, त्याला इथे आबमेल्डुंग म्हणतात. कायद्याने ते करायचं असतं. इतक्या थोड्या काळासाठी कोणी करत नाही.

"काका, माझ्या पत्त्यावर नाव ठेवा ना. टपालपेटीवर चिठ्ठी लावते. कोण विचारतंय?"

"जिथे राहत नाही तिथे राहतो असं लिहून देऊ? डिसेंबरात येतो. तेव्हा खरंच तुझ्याकडे राहीन, मग लिहू तुझा पत्ता."

डिसेंबर का, ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. युनियनमधून बाहेर पडण्याची इंग्लंडची मुदत वर्षाच्या शेवटच्या दिवशी संपत होती. त्या दिवशी जे इंग्लंडचे नागरिक जर्मनीत राहत असतील, त्यांनाच पुढे इथे राहण्याचा हक्क होता.

विमानाचं तिकीट काढलेलं होतं. निघायच्या आदल्या दिवशी मीनलला ताप भरला. तोमेक अजून हॉस्पिटलातच. मी फोनवर ओरडले, "काका, चार दिवसांसाठी या, नोंदणी करा आणि परत जा!" ते म्हणाले, "अगं, पोरीला भाताची पेज कोण भरवणार?" एकतीस तारखेला ते लेस्टरमध्ये होते.

मीनल बरी झाली, तोमेकही घरी आला. उन्हाळ्यात काका परतले आणि आम्ही दोघं त्याच ऑफिसात गेलो. या खेपेला फाइल त्यांची होती आणि कागद मी लावले होते. टेबलापलीकडची बाई समजूतदार होती. तिने तारखा पाहिल्या, पेन खाली ठेवलं आणि माझ्याकडे बघत सावकाश विचारलं, "नोंद नसेलही. पण त्या दिवशी प्रत्यक्षात तुम्ही इथे कोणाकडे राहत होतात का? एखादी खोली?"

तिने दार किलकिलं केलं होतं. मी तोंड उघडलं. काकांनी माझ्या मनगटावर हात ठेवला आणि जर्मनमध्ये स्वच्छ नाही म्हणाले, "नाइन."

बाहेर येऊन मी त्यांना वाट्टेल ते बोलले. रस्त्यावर, मराठीत, मोठ्याने. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "मत मी दिलं, फॉर्म मी भरला. तक्रार कोणाची करू?" त्या दिवसाचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. एका शब्दाने माणूस आपल्या बायकोजवळ राहिला असता.

पुढची तीन वर्षं ते पाहुणे म्हणून आले. सहा महिन्यांत नव्वद दिवस, त्याहून जास्त नाही. माझ्याकडे उतरायचे, रोज दफनभूमीत जायचे आणि आले की डायरीत पेन्सिलीने दिवस लिहायचे. एकोणनव्वदाव्या दिवशी निघायचे, गाडी चुकली तर हाताशी एक दिवस असावा म्हणून. निघताना मला शेवंतीच्या सूचना द्यायचे आणि जिन्यात पाठ फिरवून चष्मा पुसत उभे राहायचे. पाणी मी घालायचे. सगळे शनिवार मला जमले नाहीत, हेही लिहून ठेवते.

गेल्या फेब्रुवारीत ते लेस्टरला झोपेतच गेले. मीनलने डायरी उघडली तर मार्चपासून पुढची पानं आधीच भरलेली होती, एक ते एकोणनव्वद.

कलश घेऊन ती आणि तोमेक आले. काकूंच्या शेजारी जागा मिळाली. दफनभूमीच्या ऑफिसात क्लार्कने फॉर्म भरला, पुढे केला आणि एका रकान्यावर बोट ठेवून म्हणाला, "तर, मुदत दहा वर्षं. पुढे अर्ज केलात तर वाढवून मिळते."

मीनलने मला पुन्हा विचारलं, "किती म्हणाला?"

"दहा वर्षं."

तिने पर्समधून बाबांची डायरी काढली, त्या भरलेल्या पानांवरून पुढे गेली आणि अगदी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीने तारीख लिहिली. अर्ज कधी करायचा त्याची. मुदत संपायच्या एक दिवस आधीची.