रेसच्या गाडीची आयुधपूजा

नवरा गेल्यावर मी जे. पी. नगरात लोकांची भांडी घासायचे. घरामागची शेड एका मेकॅनिकला भाड्यानं दिली होती. तिथं तो एका शेठसाठी रेसची गाडी बांधायचा. गाडी एवढी बुटकी की मांजर तिच्यावरून उडी मारून जायचं. तो बोलायचा कमी, आणि बोलला की आधी 'सरी', म्हणजे त्याच्या कानडीत 'बरं', म्हणायचा, रागावला तरी. जेवायलाही गाडीकडे तोंड करून बसायचा.

दोन रेसना गाडी नेली. दोन्ही वेळा इंजिन तापून मध्येच उभी राहिली. मी विचारलं तर म्हणाला, "सरी, दमली हो अक्का." बंद पडली असं कधी म्हणाला नाही. मग शेठनं इंजिन काढून नेलं. उरलेली गाडी दसऱ्याची आयुधपूजा झाली की भंगारात जाणार होती.

पूजेच्या सकाळी त्यानं ती धुतली, हार घातला, चाकांखाली लिंबं ठेवली. चाकं लिंबांवरून जायला हवीत, आणि इंजिन तर नाही.

"अक्का, स्वल्प आत बसा. स्टेअरिंग सरळ धरा, मी ढकलतो."

"मी विधवा बाई. पूजेच्या गाडीत मला बसवतोस?"

"मग ढकलता काय तुम्ही?"

बसले. पाय लांब करून, झोपल्यासारखीच. लिंबं फुटली, वास आला. फाटकाशी त्यानं धापा टाकत विचारलं, "कुठं सोडू?"

होसकोटे माझं माहेर, तीस-पस्तीस किलोमीटर लांब. तिथं आता कोणी उरलेलं नाही, तरी तोंडात तेच गाव आलं.

तो हसला नाही. फाटक उघडलं आणि गाडी रस्त्यावर ढकलत नेली.