घट्ट अंबाडा

निजामाच्या शेवटच्या वर्षांत मी नांदेडला मिशनच्या दवाखान्यात नर्स होते. तिथल्या प्रार्थनाघरासाठी चित्र काढायला निलंग्याचा एक पेंटर आला होता. एरवी तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. ब्रश सदऱ्याच्या बाहीलाच पुसायचा.

चित्र रोमन काळातल्या एका बाईचं होतं. ती येशूला नाकारेना, म्हणून तिच्यावर पिसाळलेली गाय सोडली. गाईनं आपटलं तरी ती उठून उभी राहिली. शेवटी तिला तलवारीनं मारलं. पाद्रीसाहेबांनी एवढंच सांगितलं होतं. पेंटरनं तिला घट्ट अंबाडा घातला.

"गाईनं आपटलेल्या बाईचे केस मोकळे हवेत. नाहीतर चित्र परत न्या," पाद्रीसाहेब म्हणाले.

"न्हाई साहेब. आमच्यात मयतीला केस मोकळे सोडतेत. ही तर जिंकून राहिली."

"तुम्ही तिथं होतात का?"

"तुमी तरी कुठं व्हता?"

मला हसू आवरेना. पाद्रीसाहेबांनी रागारागानं हुतात्म्यांच्या कथांचं जाड पुस्तक काढलं आणि वाचता वाचता एका ओळीवर बोट ठेवलं. मग हळूच म्हणाले, "पडल्यावर तिनं केसांचा काटा मागितला होता. विजयाच्या दिवशी आपण शोकात दिसू नये, म्हणून केस बांधले."

"मंग? खिळा कुठं ठोकू?" पेंटरनं विचारलं.

हातोडी पाद्रीसाहेबांनी स्वतः आणून दिली.