दाजी आणि वाकल्या मानेची गिटार

कुठल्याही वस्तूला दाजी आधी उलट्या हातानं शिवत. दाराची कडी असो, चुलीवरचं पातेलं असो, नाहीतर पोराचं तापलेलं कपाळ. माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, हे यजमान कोयनानगरच्या वसाहतीत वायरमन होते. "करंट असला तर सुलटा हात तार धरून बसतो, उलटा सुटतो," ते सांगत. विजेला इतका भिणारा वायरमन मी दुसरा पाहिला नाही.

शाळेत शिकवायला लागले तेव्हा मी त्यांच्याकडेच राहत होते. त्या सुमारास फौजेतल्या मित्रानं दाजींना विजेवरची गिटार दिली. बँडात वाजवून वाजवून तिची मान वाकलेली. तारा इतक्या वर आलेल्या की दाबताना बोटं सोलत. मानेच्या आत लोखंडी सळई असते, ती पिळली की मान सरळ होते. दाजी तिला जेमतेम पाव फेरा देत आणि पुढं दिवसभर तिला हात लावत नसत. "लाकूड हाय. घाई केली तर मोडंल."

मान सरळ झाली, तर रेडिओला जोडल्यावर तारांना हात लावताच मुंग्या येऊ लागल्या. दाजींनी अंगणात लोखंडी गज पुरून अर्थिंग केलं. अक्का दारातून बघायची. गिटारीला तिनं कधी बोट लावलं नाही.

"आवं, ही गिटार एक दिवस तुमाला घिऊन जाईल."

"म्हणून तर तपासतोय न्हवं," दाजी म्हणत. कपाळावर घाम असे.

मग थंडीत भूकंप झाला. आम्ही वाचलो, शेजारची हिरा भिंतीखाली गेली. तंबूत राहायला आल्यावर अक्कानं बोलणंच सोडलं. दोरी हलली तरी ती माझा दंड घट्ट धरायची.

दाजींनी ढिगाऱ्यातून गिटार काढली. मान पुन्हा वाकली होती. माणसं म्हणाली, "घरं पडली न् ह्यो तारा पिळत बसलाय." दाजींचं आपलं तेच. पाव फेरा, मग थांबणं.

वीज नव्हती. विजेवाचून ती गिटार नुसती पुटपुटते. ऐकायचं तर लाकडाला कान लावावा लागतो. एका दुपारी अक्का सरकत सरकत आली आणि तिनं कान टेकवला. दाजींनी श्वास रोखून एकेक तार छेडली.

"खालची उतरलीया," अक्का म्हणाली.

दाजींनी खुंटी पिळली. "आता?"

"आनि वाईच."

तेवढ्यात जमीन पुन्हा हादरली. सगळे बाहेर धावले, मीही. वळून पाहिलं तर अक्काचा कान तसाच टेकलेला, आणि दाजींचा तळहात तिच्या डोक्यावर.

पुढं त्यांची सांगलीला बदली झाली. दाजी तिथंच म्हातारपणी गेले. भेटायला आलेली माणसं त्यांना धीराचा माणूस म्हणत होती. अक्कानं मान हलवली.

"धीर कुठला? माझ्यापरीस लय भ्यायचे. पर भ्येत भ्येतच समदं करायचे."