मधला पडदा

स्पिरिटचा वास आला की चिंचवडच्या शाळेतली पत्र्याच्या छपराची प्रयोगशाळा आठवते. पन्नासच्या दशकातली गोष्ट. मॅट्रिकच्या वर्गात मी एकटीच मुलगी होते. त्या दिवशी मास्तरांनी खाटकाकडून बोकडाचं हृदय आणलं आणि मला म्हणाले, “तू बाहेर बस, चक्कर येईल.” मी जागची हलले नाही. “सर, मला बघायचंय.” “मग धर हातात!” ते चिडून म्हणाले. मी पळेन असं त्यांना वाटलं असावं. मी ते गार, निसरडं हृदय ओंजळीत घेतलं. डावा कप्पा चिरून त्यांनी मला आत बोट घालायला लावलं आणि उजव्या कप्प्यात नळीने पाणी सोडलं. उजवा फुगला तसा मधला पडदा माझ्या बोटावर दाबला गेला. “सर, उजव्यावर ताण आला की डाव्याची जागा कमी होते!” मी ओरडलेच. मास्तर हसले, म्हणाले, “आता बाकीच्यांना तूच दाखव.” घरी मात्र बातमी माझ्याआधीच पोचली होती; आत्याने मला उंबऱ्यावरच अडवलं. विहिरीवर नेऊन डोक्यावर गार पाणी ओतत ती म्हणाली, “पुन्यांदा शिवलीस तर गं?” दात वाजत होते, तरी मी म्हटलं, “तर पुन्हा अंघोळ करीन.” आज ऐंशी ओलांडली, पण ते उत्तर बदलावंसं वाटत नाही.