काकूचा नकली रुग्ण

माझ्या काकूचं काम लोकांना समजावून सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस येतो. ती हॉस्पिटलमध्ये असते म्हटलं की समोरचा लगेच आपली कंबर दाखवायला लागतो. ती डॉक्टर नाही, नर्स नाही. ती हॉस्पिटलची वेबसाइट तपासते, आणि तेही स्वतः नाही, एका प्रोग्रामकडून. हा प्रोग्राम थोड्या थोड्या वेळाने रुग्णाचं सोंग घेऊन साइटवर जातो, नाव-पत्ता भरतो, डॉक्टरांची वेळ घेतो, मिळाली की रद्द करतो आणि काकूला कळवतो. सगळं ठीक असलं तर तिच्या स्क्रीनवर हिरवी ओळ येते, कुठे अडलं तर लाल. ऑफिसात तिला ‘सिग्नल’ म्हणतात. तिला ते आवडतं, तोंडाने मात्र ती कुरकुर करते.

तिचा दुसरा प्रोग्राम याहून खडूस आहे. ज्यांना दिसत नाही, कमी दिसतं, माउस धरता येत नाही, अशांनाही साइट वापरता येते का, हे तो बघतो. चित्राखाली शब्दांत वर्णन आहे का, अक्षरं फिकट तर नाहीत, प्रत्येक रकान्याला नाव आहे का. यातल्या एकेका गोष्टीसाठी काकू साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन भांडलेली आहे. “रंग छान दिसतो” असं कुणी म्हणालं की ती विचारायची, “कुणाला?” त्या साइटवरची अक्षरं आज मोठी आणि ठळक आहेत ती तिच्यामुळे. कौतुक करायला मी कंजूस आहे, पण हे मान्य करायला हवं.

मी काका-काकूंकडेच वरच्या खोलीत राहते आणि ड्रायव्हिंग शिकवते. दिवसभर लोकांच्या चुकांवर ओरडून घरी येते, त्यामुळे घरी कुणी भांडलं तर मला त्याचं फारसं काही वाटत नाही. काकू आणि काका तर जेवताना भांडायचेच. काका दुकानांच्या पाट्या रंगवायचे. मोजपट्टी न लावता सरळ रेघ ओढायचे आणि ती सरळच आहे हे सगळ्यांना ऐकवायचे. मग एके दिवशी आंघोळीला गेले आणि तिथेच कोसळले. मेंदूत रक्ताची गुठळी झाली होती. जीव वाचला, बोलणं परत आलं, चालणंही बऱ्यापैकी आलं. उजवा हात मात्र रुसून बसला.

हाताचे व्यायाम करून घेणाऱ्या थेरपिस्ट बाईंनी पहिल्याच दिवशी दम भरला होता. “सुरुवातीचे महिने महत्त्वाचे. दर आठवड्याला या. आणि घरी जे काही कराल ते याच हाताने करा, डाव्याची सवय लागली की हा आळशी होतो.” त्यांच्या वेळा सोमवारी सकाळी साइटवर खुल्या व्हायच्या. फोन केला तर “साइटवर घ्या” म्हणून सांगायचे, खिडकीवर गेलं तरी तेच. काकू म्हणाली, मी घेते. काका म्हणाले, “हात माझा आहे, मी बघतो. बाईंनीच सांगितलंय उजव्या हाताने काम कर म्हणून.” मग काकूने घरचा लॅपटॉप त्यांच्या हवाली केला.

पहिल्या एक-दोन वेळा डिस्चार्जच्या वेळीच ठरवून दिल्या होत्या, तोवर बरं चाललं. नंतर काका सोमवारी संध्याकाळी सांगायला लागले, “या आठवड्यात जागाच नव्हती.” पुढच्या सोमवारीही तेच. काकूने ऑफिसात बघितलं, तर वेळा दुपारपर्यंत रिकाम्या होत्या. घरी येऊन तिने नुसती भांडी आपटली. पण हे दोन महिने चाललं आणि एका संध्याकाळी तिचा तोल सुटला.

“तुम्ही खोटं बोलताय. जागा होती. मी स्वतः बघितलंय.”

“मग मला दिसली नसेल.”

“कशी दिसणार नाही? साइट नीट चालू आहे, सकाळपासून एकही लाल ओळ नाही. व्यायामाचा कंटाळा येतो तर सरळ सांगा ना! मी इथे मरमर मरते आणि तुम्ही हात नुसता मांडीवर ठेवून बसता.”

काका उठून आत गेले. खरं सांगायचं तर मला काकूचंच पटलं होतं. माणूस आजारातून उठला की हट्टी होतो, असं मी माझ्या मनाशी ठरवूनही टाकलं.

पुढच्या सोमवारी माझी गाडी गॅरेजमध्ये होती म्हणून मी घरी होते. पाणी प्यायला खाली आले तर काका टेबलाशी वाकून बसलेले. डाव्या हाताने उजवं मनगट धरलेलं आणि उजव्या हाताचं एकच बोट कीबोर्डवर. एक अक्षर दाबायचे, ते दोनदा उमटायचं, मग एक पुसायचे. आडनाव, जन्मतारीख, फाइल नंबर, पत्ता, हाताची तक्रार काय, कधीपासून. शर्ट पाठीला चिकटला होता. मी दारातच थांबले. नव्या शिकाऊ माणसाच्या बाजूला बसून मला एक कळलंय, अशा वेळी मध्ये बोलू नये. शेवटचा रकाना भरून त्यांनी बटण दाबलं आणि पान कोरं झालं. वर एक वाक्य आलं: बराच वेळ आपल्याकडून काहीही हालचाल न झाल्यामुळे आपल्याला बाहेर काढण्यात आले आहे.

“हालचाल नाही म्हणे,” काका म्हणाले. “इथे घाम फुटलाय मला.”

मी काकूला फोन लावला. ती म्हणाली, “शक्यच नाही. आत्ताच तपासलंय, सगळं हिरवं आहे.”

“हिरवं गेलं खड्ड्यात. तू घरी येऊन बघ.”

त्या सोमवारी ती आली नाही, मीटिंग होती. पण फोन ठेवताना तिचा आवाज बदलला होता. पुढच्या सोमवारी रजा टाकून ती काकांच्या मागे स्टूल घेऊन बसली. हात लावायचा नाही, बोलायचं नाही, असं तिने स्वतःलाच बजावलं असावं, कारण दोन्ही हात तिने मांडीखाली दाबून धरले होते. काकांनी पहिलं अक्षर दाबलं. ती बघत राहिली. तिचा नकली रुग्ण हे सगळे रकाने डोळ्याची पापणी लवायच्या आत भरतो. त्याचं बोट कापत नाही, त्याला पुसावं लागत नाही, चष्मा वर करून वाचावं लागत नाही. काकांना पुन्हा बाहेर काढलं तेव्हा काकूने तोंडावर हात ठेवला.

“दर वेळी असंच होतं?” तिने विचारलं.

“दर वेळी.”

“मग मला का नाही सांगितलंत?”

“बाकीच्यांना जमतंय, मलाच जमत नाही असं वाटलं. आणि तू तर सांगत होतीस की सगळं ठीक आहे.”

काकूला रडू आलं, पण ती आधी कामाला लागली. तिचा स्वभावच तसा आहे. एव्हाना दुपार उलटली होती आणि सगळ्या वेळा गेल्या होत्या. तिने ऑफिसचा लॅपटॉप उघडला आणि आपल्या नकली रुग्णाला हळू केलं. प्रत्येक अक्षरानंतर थांब. अधूनमधून चुकीचं दाब, पूस, परत लिही. पत्त्याच्या रकान्यात जरा दम खा. सगळा काकांचा वेग, काकांना शेजारी बसवून घेतलेला. काका म्हणाले, “अजून हळू. ‘ज्ञ’ला मला फार वेळ लागतो.” मग चाचणी सुरू झाली आणि आम्ही तिघं त्या स्क्रीनकडे बघत बसलो. बऱ्याच वेळाने लाल ओळ आली. लाल बघून काकू इतकी खूश झालेली मी कधी पाहिली नव्हती.

मंगळवारी ती साहेबांकडे गेली. हा प्रसंग तिने घरी आल्यावर अगदी आवाज काढून सांगितला. साहेब म्हणाले, “सुरक्षेसाठी ठेवलेली मुदत आहे ती. कुणी उघडं टाकून गेलं तर दुसऱ्याने फाइल वाचू नये म्हणून. आणि इतका वेळ लागणारे लोक असे कितीसे असतील?”

“साहेब, हे हाताच्या विभागाचं पान आहे,” काकू म्हणाली. “इथे येणाऱ्या प्रत्येकाचा हात दुखावलेला आहे.”

साहेब वाईट माणूस नाहीत. त्यांनी लगेच साइट बनवणाऱ्याला बोलावून घेतलं. त्याने सांगितलं की पान बदललं तरच साइट ती हालचाल धरते. एकाच पानावर टाइप करत बसलेला माणूस तिच्या हिशेबी झोपलेलाच. आठवडा संपायच्या आत त्यांनी ते बदललं. आता टाइप करणं हीही हालचाल धरतात, आणि मुदत संपत आली तर साइट आधी विचारते, “अजून वेळ हवा का?” बाहेर पडलात तरी भरलेलं पुसलं जात नाही. काकूचा तो हळू रुग्णही रोज चालतो. फार वेळ घेतो म्हणून कुणीतरी तो बंद करायला सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “थांब की जरा, तुझं काय जातंय?”

त्यानंतरच्या सोमवारी काकांनी स्वतः वेळ घेतली. वेळ नक्की झाल्याचं वाक्य त्यांनी आम्हाला मोठ्याने वाचून दाखवलं, दोनदा.

हॉस्पिटलला मीच गाडी चालवत घेऊन गेले. थेरपिस्ट बाईंनी काकांची बोटं एकेक करून वाकवली, सरळ केली. अंगठ्यापाशी त्या थांबल्या. बोटं सुटतील, म्हणाल्या, पण अंगठा आखडलाय. मधले दोन महिने आला असतात तर बरंच काही करता आलं असतं. आता प्रयत्न करू, खात्री देत नाही. काकांनी ब्रश धरण्याचं विचारलं. “आधी चमचा धरायचं बघू,” बाई म्हणाल्या, तेवढ्यात आम्हाला काय ते कळलं.

बाहेर बाकावर काकू रडली. “माझंच चुकलं. मी तुम्हाला खोटं ठरवलं.”

“खोटं मी बोललोच होतो,” काका म्हणाले. “जागा होती, ते मला माहीत होतं. त्याचं काही नाही. पण तू दिवसभर त्या साइटला विचारत असतेस, बरी आहेस ना म्हणून. मला एकदा तरी तसं विचारलं असतंस.”

काका हे रागाने म्हणाले नाहीत, म्हणून ते जास्त लागलं. काकूने डोळे पुसले आणि त्यांच्याकडे वळून बसली.

“विचारते. कसे आहात?”

एरवी या प्रश्नाला काका “मस्त” म्हणून मोकळे व्हायचे. ते बराच वेळ आपल्या हाताकडे बघत राहिले. काकूने घाई केली नाही.

“भीती वाटते,” काका म्हणाले. “पाट्या रंगवायच्या नाहीत तर सकाळी उठून करायचं काय, हेच मला कळत नाही.”

मी पाणी आणते म्हणून उठले आणि मुद्दाम पार टोकाच्या नळापर्यंत गेले. परत आले तेव्हा काका अजून बोलत होते आणि काकू ऐकत होती.