एक हार आणि दोन गाड्या

दसऱ्याला सुपारी फोडायला येतो, असा निरोप पाहुण्यांनी धाडला, तेव्हा ते स्वतःची गाडी घेऊन येतील हे आमच्या घरात कुणाच्या डोक्यातच आलं नाही. एसटीनं येतील असं धरून आण्णांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, नेवाशाच्या बाजारातून झेंडूचा एकच हार आणला होता. त्या साली पावसानं अशी पाठ फिरवली होती की प्यायला पाणी मिळत होतं तेच नशीब. झेंडू कोण लावतो? तो एक हारसुद्धा आण्णांनी फुलवालीशी हुज्जत घालून मिळवला होता, आणि तो होता आमच्या डॉजसाठी.

नगरला लष्कराच्या जुन्या गाड्यांचा लिलाव व्हायचा. तिथून आण्णांनी ही अमेरिकन पिकअप आणली होती. गडद हिरवी, लांब नाकाची, दोन्ही बाजूंना फुगलेले मडगार्ड आणि त्यांच्यावर बेडकासारखे दोन दिवे. मागच्या हौद्यात कांद्याची पोती जायची, जत्रेला माणसं जायची, आणि त्या वर्षी पाण्याची पिंपं जात होती. आण्णा तिला रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायचे. आई म्हणायची, "माझ्या तोंडाकडं येवढ्या येळा बघितलं असतं तर..." आणि पुढचं बोलायची नाही.

आता माझं. मी अकरावी झालेली, रंगानं सावळी, जिभेनं फटकळ. दोन स्थळं मला बघून गेली होती. एकांनी रंगावरून नाक मुरडलं. दुसऱ्यांनी "उंचीला जरा..." म्हणत काढता पाय घेतला. पोहे मात्र दोघांनीही बशी पुसून खाल्ले. हे तिसरं स्थळ. बघायला आले त्या दिवशी मुलाच्या चुलत्यांनी मला सांगितलं, "पोरी, जरा चालून दाखव." मी उठणार तेवढ्यात मुलगाच म्हणाला, "काका, राहू द्या की. धड हायत पाय." मला तो तिथंच आवडला. त्यात लाजायचं काय? करीन तर याच्याशीच, असं मी मनात पक्कं करून टाकलं. पण मुलाला वडील नव्हते. सगळा कारभार चुलत्यांच्या हातात, आणि चुलते म्हणजे नाकावर माशी बसू न देणारा माणूस.

दसऱ्याच्या सकाळी आमच्या दारात हॉर्न वाजला आणि शेवरलेट आली. तीही पिकअपच, तीही अमेरिकन. खाली निळी, वर साईच्या रंगाची, बॉनेट गोल गरगरीत, तोंडावर चकचकीत पाच आडव्या पट्ट्या. चुलत्यांनी ती मुंबईच्या कुणा पारशाकडून घेतली होती. त्यांनी ती नेमकी आमच्या डॉजच्या शेजारी उभी केली. अंगणात दुसरीकडे काय जागा नव्हती?

ओसरीवर घोंगडी अंथरली. मधे ताट, ताटात हळद-कुंकू, नारळ आणि सुपारी. ती सुपारी फुटली की माझं लग्न ठरलं. मी आत चुलीपाशी होते, पण दार अर्धं उघडं होतं आणि कान पूर्ण उघडे होते.

गूळपाणी झालं. चुलते अंगणाकडं बघत म्हणाले, "पाव्हणं, तुमची गाडी कामाची दिसती."

कामाची. मला तो शब्द चांगला ओळखीचा होता. मला बघून गेलेल्या बायकाही तेच म्हणायच्या, पोरगी कामाची हाय.

आण्णांनाही लागलं ते. "दिसायलाबी काय वाईट न्हाई," ते म्हणाले.

"वाईट कोन म्हनतंय? पन रूप म्हनशाल तर शेवरलेटच. ती बॉनेटची गोलाई बघा. ह्या पट्ट्या बघा. गाडी हसल्यावानी वाटती."

"गाडीनं हसायचं कशाला? तिला काय तमाशात उभं करायचंय?"

"मंग काय कुदळीवानी नाक काढून बसायचं?"

"ते मर्दाचं नाक हाय. लढाईवर गेलेली गाडी हाय ती."

"म्हनूनच तोंड असं झालंय."

हे हसत बोलणं चाललेलं नव्हतं. आण्णांचा आवाज खाली खाली जात होता, आणि आण्णांचा आवाज खाली गेला की समजायचं, आता काही खरं नाही. मडगार्ड झाले, दिवे झाले, हौद्याच्या फळ्या झाल्या. एकानं रंगाला हात घातला की दुसरा पत्र्याच्या जाडीवर यायचा. आई पोळी लाटता लाटता थांबली. "तुझ्या बापाला कुनीतरी गप करा गं," म्हणाली. तिथं कुणीतरी म्हणजे मी एकटीच होते, आणि मला बाहेर बोलायची सोय नव्हती.

मुलानं आपल्या परीनं आग विझवून पाहिली. म्हणाला, "दिसायला म्हनशाल तर दोन्हीपेक्षा फोर्ड बरी." झालं. दोघंही म्हातारे त्याच्याकडं असे वळले की बिचाऱ्यानं मान खाली घातली. "तू गप रं," चुलते म्हणाले. तेवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं.

सुपारी ताटात तशीच. चुलत्यांनी उपरणं खांद्यावर नीट घेतलं. उठायच्या आधी माणूस तसं करतो. माझ्या हातातलं उलथनं चुलीत पडलं.

ते आण्णांनी ऐकलं असावं. कारण ते एकदम म्हणाले, "आधी गाड्यांची पूजा उरकू. हार येकच हाय. तो पाव्हण्यांच्या गाडीला. पाव्हण्यांचा मान आधी."

मी श्वास सोडला. काय जड गेलं असेल त्यांना ते. पण चुलत्यांना ते पुरेना.

"मानाचा हार नको मला," ते म्हणाले. "मानाचा हार काय, बैलालाबी घालत्यात पोळ्याला. पोरगी शिकलेली हाय, तिला डोळं हायत. ती ओवाळायला येईलच. तिला जी देखनी वाटंल तिला तिनं हार घालावा. मंग मी तोंड उघडनार न्हाई. मंग फोडू सुपारी."

मुलगा काही बोलायला उठला. चुलत्यांनी नुसता हात वर केला.

मी ताट घेऊन बाहेर आले. निरांजन, हळद-कुंकू आणि तो हार. शेवटी मला चालून दाखवावंच लागलं. अंगणात दोन गाड्या एकमेकींना खेटून उभ्या आणि माझ्यामागं सगळी माणसं. मला राग आला होता. दोन म्हातारी माणसं पत्र्यावरून भांडणार आणि शेकणार माझ्यावर.

आणि खरं सांगायचं तर मला डॉजच आवडायची. लहानपणी तिच्या हौद्यात उभं राहून मी प्रवरेकाठचा सगळा रस्ता बघितला होता. तिचं ते लांब नाक वळणावर आधी पुढं जायचं आणि मग आम्ही जायचो. शेवरलेट गोड होती. डॉजला चेहरा होता.

मी मागं वळून आण्णांकडं पाहिलं. ते अजिबात घाबरलेले नव्हते. त्यांची खात्री होती. लेक आपली, गाडी आपली, लेक दुसरीकडं जाईल कशाला? हारासाठी त्यांनी डॉजच्या बॉनेटवर सुतळीसुद्धा बांधून ठेवली होती.

मी हार शेवरलेटला घातला.

चुलते मोठ्यानं हसले. पाठ थोपटावी तशी त्यांनी ओसरीची घोंगडी थोपटली आणि सुपारी फुटली. मुलानं माझ्याकडं पाहिलं. त्याला कळलं होतं, हे मला दिसलं. आण्णा म्हणाले, "झ्याक झालं," आणि वाढायला सांगितलं. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही, आज पन्नास वर्षांनीही वाटत नाही. सुपारी फुटायला हवी होती आणि ती फुटली.

पण संध्याकाळी आपट्याचं सोनं द्यायला मी आण्णांपुढं वाकले, तेव्हा ते डॉजच्या पायरीवर बसले होते. सुतळी सोडून हातात गुंडाळत होते.

"आपली गाडी लई वंगाळ दिसती का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही ओ आण्णा. आपलीच देखणी आहे. मी ते सुपारीसाठी केलं."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मला बरं वाटावं म्हनून बोलू नको," ते म्हणाले. मी शपथ घेतली. आईची घेतली, देवाची घेतली. ते नुसते मान हलवत राहिले. माझ्यासारख्या तोंडाळ पोरीचं एकदाही काही खोटं न मानणारा माणूस, त्या दिवशी माझ्या खऱ्यावर विश्वास ठेवायलाच तयार झाला नाही.

लग्न फाल्गुनात झालं. आदल्या आठवड्यात आण्णा डॉज घेऊन नगरला गेले, ते दोन दिवस आलेच नाहीत. आई कातावली. एवढी कामं पडलेली, घरात पाणी नाही, आणि हा माणूस कुठं जाऊन बसला? तिसऱ्या दिवशी अंगणात गाडी आली, आणि आवाज ओळखीचा असूनही मला गाडी ओळखू आली नाही.

खाली निळी, वर साईच्या रंगाची. रंग हातानं मारलेला, मडगार्डवर ओघळलेला, आणि कडांना जुना हिरवा तसाच दिसत होता. त्या लांब, अरुंद नाकावर डब्याच्या पत्र्याच्या पाच आडव्या पट्ट्या रिबिटांनी ठोकलेल्या. पट्ट्या नाकात मावत नव्हत्या, दोन्ही बाजूंनी बाहेर आलेल्या होत्या. जवळ जाऊन पाहिलं तर एका पट्टीवर तेलाच्या डब्यावरचं मोराचं चित्र अजून अर्धं शिल्लक होतं. आमची देखणी गाडी सोंगाड्यासारखी दिसत होती.

आण्णा खाली उतरले. बोटांना निळा रंग लागलेला होता.

"आता बघ," ते म्हणाले. "आता तुला सासरच्या माणसांत लाज वाटायची न्हाई."

आई दारात आली, गाडीकडं बघून तिनं पदर तोंडाला लावला आणि परत आत गेली. ते माझ्याकडं बघत उभे होते, मी निकाल द्यायची वाट बघत.

"लई देखणी झाली आण्णा," मी म्हटलं.

हे मात्र त्यांना लगेच पटलं.