चौतीस नंबरची मर्मर

“सर, चौतीस नंबरची मर्मर गेली,” मी म्हणालो.

माझे गाइड बशीतल्या चहावर फुंकर घालत होते. त्यांनी बशी खाली ठेवली. “गेली? कुठे गेली? माथेरानला?”

वॉर्डातल्या सिस्टर हसल्या. मला हसू येत नव्हतं. एम.डी.चा थीसिस द्यायला अकरा दिवस उरले होते, टायपिस्ट रोज निरोप धाडत होता आणि माझ्या तक्त्यात एकच मुलगी दोन तऱ्हांनी लिहिलेली होती. पहिल्या तपासणीत हृदयाची झडप खराब. सहा महिन्यांनंतरच्या तपासणीत सगळं ठाकठीक.

“मायट्रल झडप आखडली की आखडली. ती काय सर्दी आहे, आपोआप बरी व्हायला?” सर म्हणाले. “दोन्ही वेळा तुम्हीच ऐकलंत?”

“हो सर.”

“मग एकदा तुम्ही चुकलात. कधी, ते शोधा. परत जा आणि तिसऱ्यांदा ऐका.”

इथंच घोडं पेंड खातं. कारण मी गेलो नाही.

आता जरा मागचं सांगतो. माझा विषय होता संधिवाताच्या तापानं बिघडणारी हृदयं. लहानपणी घसा सुजतो, ताप येतो, सांधे धरतात. आठ-पंधरा दिवसांत पोर पुन्हा खेळायला लागतं आणि आईबाप विसरून जातात. हृदय विसरत नाही. आतली झडप हळूहळू जाड होते, आखडते. रक्ताला पुढं जायची वाट अरुंद होते. त्या अरुंद वाटेतून रक्त जाताना जो जादा आवाज येतो, त्याला आम्ही मर्मर म्हणतो. ही मर्मर फार हलकी असते. शेजारच्या घरात जातं फिरत असावं, तशी. रुग्णाला डाव्या कुशीवर वळवून, श्वास रोखायला लावून ऐकावी लागते. ऐकणारा घाईत असला तर हातची जाते.

आणि झडप आखडलेल्या बाईला दिवस गेले की जिवाशी गाठ. गरोदरपणात शरीरात रक्त वाढतं, वाट मात्र तेवढीच राहते. मग पाणी फुफ्फुसात उतरतं. साठच्या दशकाच्या सुरुवातीलाही मुंबईत झडप मोकळी करायचं ऑपरेशन होत होतं. वेळेवर आणलं तर मुली वाचत होत्या. हे सगळं मला पाठ होतं.

पाहणीसाठी मी बेलापूरच्या खाडीवरचं दिवाळे गाव घेतलं होतं. तेव्हा नवी मुंबई कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ठाण्याहून एस.टी.नं बेलापूर आणि पुढं चालत. गाव कोळ्यांचं. होड्या, वाळत घातलेले बोंबील आणि टोपल्या घेऊन बाजाराला निघालेल्या बाया. मी रविवारी जायचो, घरोघर प्रत्येक माणसापुढं वहीत नंबर टाकायचो आणि छाती ऐकायचो.

तरुण मुलींची छाती तपासायची म्हणजे अवघड काम. मी पंचविशीतला, लग्न न झालेला. म्हणून मी एक रीत बसवली होती. घरातली वडीलधारी बाई लुगडं कमरेच्या उंचीवर आडवं धरून उभी राहायची. मुलगी लुगड्यापलीकडे कुशीवर निजायची. मी मान खाली घालून, नजर जमिनीकडे ठेवून, फक्त हात पलीकडे न्यायचो. गावात माझं नाव झालं. डाक्टर लई सज्जन, बाईमाणसाकडं मान वर करून बघत नाय. सरांनीसुद्धा पाठ थोपटली. मला त्या सज्जनपणाची मस्ती चढली होती, आज लाज वाटते.

चौतीस नंबर म्हणजे हिरा. वय एकोणीस. आईबाप नव्हते. तिला आणि तिच्याहून वर्षानं लहान बहिणीला, सोनीला, बायजाआत्यानं मासळी विकून वाढवलं होतं. पहिल्या तपासणीला सोनी बाजाराला गेलेली. हिराची मर्मर मला स्वच्छ ऐकू आली आणि मी हरखलो. हो, हरखलोच. नव्या डॉक्टरला दुखणं सापडलं की आनंद होतो, खोटं कशाला सांगू?

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. पडवीत पाच-सहा बाया बोंबील निवडत बसल्या होत्या. त्यांच्यादेखत मी आत्याला म्हणालो, “हिच्या हृदयात दोष आहे. मोठ्या हॉस्पिटलात आणा. लग्न केलंत तरी बाळंतपण झेपणार नाही.”

बायांचे हात थांबले. आत्या एवढंच म्हणाली, “बरं.”

ती मुलीला घेऊन आली नाही. मी पोस्टकार्ड टाकलं. उत्तर नाही.

सहा महिन्यांनी दुसऱ्या फेरीला गेलो, तर आत्या दारातच उभी. “या डाक्टर. हिराला तपासा. आता बरी हाय ती. देवाला नवस बोललो व्हतो.”

पुन्हा लुगडं, पुन्हा खाली मान. मी डाव्या कुशीवर वळायला सांगितलं, श्वास रोखायला सांगितलं. काही नाही. दोन ठोके, साफ. पुन्हा ऐकलं. काही नाही.

“काय म्हनता?” आत्यानं विचारलं.

“आज तरी दोष दिसत नाही.”

“मग तसं लिवून द्या. पोरीचं लगीन मोडायला आलंय. तुमी त्या टायमाला बोलला, ते उरणला नवऱ्याच्या घरी पोचलं. आमाला त्वांड दाखवायला जागा नाय.”

मला ओशाळल्यासारखं झालं. माझ्या बडबडीनं मुलीचं लग्न मोडत होतं. मी वहीतलं पान फाडून लिहून दिलं: हिरा हिला तपासले, हृदय निर्दोष. खाली सही ठोकली. आत्यानं ते पान कपाळाला लावलं.

आता वर सांगितलेल्या दिवसाकडे येतो. सरांनी परत जा म्हटलं. जायचं तर अख्खा दिवस मोडत होता. मी स्वतःशी वकिली केली. पहिल्यांदा मी नवखा होतो, बाहेर वारं होतं, बाया बोलत होत्या. दुसऱ्यांदा कान तयार झाला होता. म्हणजे चूक पहिलीच. चौतीस नंबरसमोर ‘नॉर्मल’ लिहिलं. सरांना सांगितलं, जाऊन आलो. थीसिस वेळेत दिला, पास झाला, मी त्याच हॉस्पिटलात रजिस्ट्रार झालो.

सव्वा वर्ष गेलं असेल. एका दुपारी बाळंतिणींच्या वॉर्डातून हृदयासाठी कॉल आला. सात महिन्यांची गरोदर बाई, दोन उशांना टेकून बसलेली. आडवं होणं शक्यच नव्हतं. ओठ निळे, तोंडाशी गुलाबी फेस. फुफ्फुसांत पाणी भरलं होतं. ऑक्सिजन, मॉर्फिन, लघवीचं इंजेक्शन, रक्त अडवायला हातापायांना आळीपाळीनं पट्टे, जे काय होतं ते सुरू केलं. मग स्टेथोस्कोप लावला. त्या सगळ्या घरघरीतून ती मर्मर आली.

“नाव काय?” मी विचारलं.

“हिरा. दिवाळ्याची,” खाटेमागून आवाज आला. बायजाआत्या उभी होती.

मी त्या मुलीच्या चेहऱ्याकडे पाहिलं. कपाळावर गोंदण, डाव्या भुवईत जुनी खोक. हा चेहरा मी आयुष्यात पहिल्यांदा बघत होतो.

“पण मी तुला दोनदा तपासलं होतं,” मी म्हणालो.

तिला बोलवत नव्हतं. तिनं हात उचलून एक बोट दाखवलं.

आत्या खाटेमागून पुढं आली. “दुसऱ्या टायमाला सोनी निजली व्हती, डाक्टर. मीच निजवली. लगीन मोडलं असतं तर हिला कोन करनार व्हता? मला वाटलं, तुमी डाक्टर लोक उगाच भ्या दाखवता. चालत-फिरत व्हती की वो पोर.”

आत्यानं मला फसवलं म्हणावं, तर आत्याला त्या कोपऱ्यात लोटलं मी, पडवीत तोंड चालवून. सर्जनना बोलावलं. पाणी थोडं उतरलं की ऑपरेशनला नेतो, म्हणाले. पाणी उतरलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या सुमारास हिरा गेली. मूलही गेलं. मी व्हरांड्यात जाऊन रडलो आणि तोंड धुऊन पुढच्या राउंडला गेलो.

सरांपुढं सगळं ओकलो. न जाता जाऊन आलो म्हणालो होतो, तेही. “तक्त्यात एक आकडा बदलेल,” ते म्हणाले. “पास झालेला थीसिस कोणी उघडत नाही. तरी बदला.” लायब्ररीतल्या प्रतीत मी चौतीस नंबरपुढचं ‘नॉर्मल’ खोडलं आणि खरं ते लिहिलं. पुस्तक खराब केलं म्हणून ग्रंथपालांनी माझं कार्ड महिनाभर काढून घेतलं.

दोन रविवार सोडून मी दिवाळ्याला गेलो. सोनीला तपासणं भाग होतं. एका घरातल्या दुसऱ्या मुलीलाही तो ताप येऊन गेलेला असू शकतो, आणि तिची म्हणून तपासणी कधी झालीच नव्हती. आत्यानं सवयीनं लुगडं धरलं. मी म्हणालो, “राहू द्या आत्या. तिच्याशी बोलून मग ऐकतो.”

मी सोनीसमोर पाटावर बसलो. हृदय चांगलं निघालं. तसं सांगितलं. ती हलली नाही.

“डाक्टर, त्या दिशी आत्यानं मला दम दिला व्हता, गप निजायचं म्हनून,” ती म्हणाली. “मी मनात ठरवलं व्हतं, तुमी वर बघितलं ना, तर मान हलवून नाय म्हनायचं. तुमी लई येळ व्हता तिथं. मी वाट बघत व्हते.”

आत्या तोंडावर पदर घेऊन आत गेली.

पुढं तीस-पस्तीस वर्षं मी मुलांना शिकवलं. मर्मर कशी ऐकायची, ते पुस्तकात असतं. मी पहिल्या दिवशी एवढंच सांगायचो: कान लावायच्या आधी माणसाचं तोंड बघा. मुलं ते वहीत उतरवून घ्यायची आणि मान खाली घालून पुढच्या वाक्याची वाट बघायची.